वगळलेल्या तीन ओळी

संगणकासमोर बसलो की ती घटना हटकून आठवते, आणि बटणाकडे निघालेला माझा हात वाटेतच थांबतो. पोलिसातल्या नोकरीत मी दरोडे पाहिले, विहिरीवरच्या मोटारी चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या, बिबट्याच्या नावावर खपवलेल्या शेळ्या शेजाऱ्याच्या पातेल्यातून शोधून काढल्या. पण ज्या प्रकरणात मी स्वतःला सगळ्यात हुशार समजत होतो आणि सगळ्यात मोठा गाढव ठरता ठरता वाचलो, ते प्रकरण एका एक्सेलच्या यादीचं होतं. नावं सांगणार नाही. मुलूख लहान आहे आणि त्यातली माणसं मला अजून बाजारात भेटतात.

सुरुवात एका तक्रार अर्जानं झाली. अवसरी बुद्रुकचे एक टोमॅटोचे व्यापारी प्लॅस्टिकची फाईल घेऊन ठाण्यात आले. एका पतसंस्थेत त्यांच्या मोठ्या ठेवी होत्या. ठेवींच्या व्याजावर संस्थेनं कर कापून सरकारजमा केला होता. तो कापलेला कर त्यांच्या पॅन क्रमांकावर दिसायला हवा होता. दिसत होता भलताच आकडा.

"साठ हजाराच्या वर कापलं माझं, सायेब," ते म्हणाले. "आन नावावर दिसतंय नऊशे. मधलं गेलं कुठं?"

मी त्यांना आयकर कार्यालयाचा रस्ता दाखवला. ते तिथूनच आले होते. आयकरवाले म्हणाले संस्थेला विचारा, संस्था म्हणाली ऑपरेटरला विचारा. ऑपरेटर म्हणजे ओतूरला एसटी स्टँडजवळ कराची विवरणपत्रं भरून देणारी एक तिशीतली बाई. छोटा गाळा, एक संगणक, एक प्रिंटर, बाहेर गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. संस्था तिला सभासदांची यादी पाठवायची: नाव, व्याज, कापलेला कर. ती ती यादी कराच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून घ्यायची. प्रत्येक सभासदाचा पॅन सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला असायचा. नाव जुळलं की त्या नावासमोरची रक्कम त्या पॅनवर जायची, आणि सगळं एका बटणात सरकारकडे.

मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि खरं सांगायचं तर बाजूला ठेवला. आठवड्यानं ठाण्यातला फोन वाजला. बोलणाऱ्यानं तोंडावर रुमाल धरला असावा.

"त्या ओतूरच्या बाईच्या सासऱ्याच्या खात्यात इन्कमटॅक्सचं साठ हजार आल्यात. निमगाव साव्याला जाऊन बघा. दारात नवी कडबाकुट्टी घरघर करतीय." फोन बंद.

खबर देणारे माझ्या अनुभवात दोन प्रकारचे. एकाला गुन्ह्याचा राग असतो, दुसऱ्याला शेजारच्या नव्या वस्तूचा. दुसऱ्याची खबर जास्त अचूक निघते.

निमगाव साव्याला गेलो, तर चारा कापायची ती कुट्टी खरोखरच घरघरत होती. सासरा म्हणजे साधा शेतकरी माणूस. थोडी ठेव त्याच पतसंस्थेत. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेनं विवरणपत्र मागितलं म्हणून सून दरवर्षी त्याचं भरायची. मला बघून तो घाबरला तर नाहीच, उलट खाट झटकून बसायला दिली. मी म्हटलं, आबा, मशीन झकास आहे.

"सरकारचं पैसं आलं, सायेब. आदी दोन-दोन हजार यायचं, औंदा एकदमच आलं."

"कुठल्या योजनेचं?"

"ते काय मी इचारलं नाय. इचारलं आन बंद केलं तर?"

पासबुकात नोंद होती: आयकर परतावा. रक्कम व्यापाऱ्याच्या कापलेल्या कराशी रुपयाला रुपया जुळत होती. मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या. यादी सरकारकडे पाठवणारी ती, लॉगिन तिचं, सासऱ्याचं विवरणपत्र भरणारी ती, परतावा तिच्या घरात. जीपमध्ये बसल्या बसल्या मी मनातल्या मनात दोषारोपपत्राचा पहिला परिच्छेद लिहून टाकला, आणि भाषा चांगली जमली होती.

आता माझा एक दोष सांगतो. मला नाटकाची हौस. संशयिताला घाम फुटावा म्हणून मी चौकशीच्या आधी दोन दिवस जीप त्या बाईच्या गाळ्यासमोर उभी करवली. कुणी उतरायचं नाही, काही विचारायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तिसऱ्या दिवशी नोटीस देऊन तिला सकाळी ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी, मी समोर, टेबलावर एक कोरा कागद आणि उघडं पेन. ही माझी जुनी युक्ती. बोलायचं नाही. कोऱ्या कागदाकडे बघत माणूस स्वतःच बोलू लागतो.

बाई बोलली, पण वेगळंच.

"सायेब, किती वेळ लागंल? दुकानापुढं लोक उभी हायेत."

मी विचारलं, इतकी गिऱ्हाइकं?

"गिऱ्हाइकं नायत. आपापली कागदं परत न्यायला आलीत. तुमची गाडी बघून." तिचा आवाज चढला नाही. "माझ्याकडं माल नाय, मशीन म्हनावं तर एक कॉम्प्युटर. लोकांनी इश्वासानं दिलेलं आधार, पॅन, पासबुक, एवढंच माझं दुकान. तुमी मला उद्या सोडलं तरी ते गेलंच."

मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. संशयित माणूस हळवं बोलतोच, असं स्वतःला सांगितलं. सासऱ्याचं विवरणपत्र कुणी भरलं? तिचं उत्तर: मी. परताव्याचा आकडा दिसला नाही? नाही. इथं मी खास राखून ठेवलेलं हसू हसलो.

"मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मी आकडं बघत नाय, सायेब," ती म्हणाली. "बटनं बघती. सरकारच्या साइटवरून माहिती आपोआप भरून येती, मी फुडं ढकलती." हे सांगताना पहिल्यांदाच तिनं मान खाली घातली. मला ती गुन्ह्याची कबुली वाटली. ती लाज होती.

दुपारी तिला घरी जाऊ दिलं. गुन्हा दाखल करून अटक करायची, एवढंच उरलं होतं. मी आमच्या जुन्या हवालदाराला कागद तयार करायला सांगितले. तो पान लावत होता. लावता लावता म्हणाला, "साहेब, एक शंका. बाई चोर असती तर पैसा सासऱ्याच्या नावावर कशाला घेतला असता? माझी बायको माझ्या बापाच्या नावावर रुपया जाऊ द्यायची नाही."

मी हसलो, आणि हसता हसता थांबलो. बत्तीस वर्षांच्या संसाराचा तो पुरावा माझ्या सगळ्या कागदांपेक्षा वजनदार होता.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेतले, एक स्टेशनरीवाला आणि एक निवृत्त शिक्षक, आणि तिच्या गाळ्यात गेलो. घरफोडीत आम्ही आरोपीला जागेवर नेऊन विचारतो, कौल कुठला काढला, पाय कुठं ठेवला. तिलाही तेच सांगितलं. त्या दिवशी जे केलं ते तसंच्या तसं करून दाखवा, फक्त शेवटी पाठवू नका.

तिनं संस्थेकडून आलेली मूळ यादी उघडली, सॉफ्टवेअर उघडलं, यादी आत ओढली. पडद्यावर एक चौकट आली आणि तिनं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद केली.

"थांबा," मी म्हणालो. "काय लिहिलं होतं त्यात?"

"ते नेहमीच येतं. वळी वगळल्या म्हनून. वरची मथळ्याची वळ ते घेत नाय."

"परत करा."

तिनं परत केलं. या वेळी आम्ही सगळे वाकलो. शिक्षकांनी चष्मा सरसावून मोठ्यानं वाचलं: तीन ओळी वगळल्या.

"नेहमी किती?"

"एक," ती म्हणाली.

मग ती यादी आम्ही चौघांनी बोट ठेवून ठेवून वाचली. नावांच्या रकान्यात सगळ्यात वर, एकट्यानं, मध्यभागी, ठसठशीत अक्षरात बसलं होतं: ॥ श्री ॥. त्याला जागा देण्यासाठी कुणीतरी नावांचा रकाना, मथळ्यासकट, एक घर खाली ढकलला होता. फक्त तोच रकाना. व्याजाचा आणि कराचा रकाना होता तिथंच. त्यामुळे प्रत्येक नावासमोर त्याच्या खालच्या सभासदाची रक्कम आली होती. पहिल्या सभासदाची रक्कम 'नाव' या शब्दासमोर पडून गळाली होती, शेवटच्या नावासमोर काहीच नव्हतं. श्रीची एक, 'नाव'ची एक आणि ही शेवटची, झाल्या तीन ओळी. आणि सासऱ्याचा सभासद क्रमांक व्यापाऱ्याच्या बरोब्बर आधीचा होता.

तिथून थेट पतसंस्था. सचिव म्हणजे साठीला टेकलेले, टोपी घालणारे, ज्यांच्या हिशोबात आजवर पैचा फरक निघाला नव्हता असे गृहस्थ. मी यादी पुढं ठेवून विचारलं, हे वर काय?

"श्री हाये," ते म्हणाले. त्यांना माझी कीव आली असावी. "त्याबिगर कागद कसा सुरू करायचा? आदी छापून पाठवायचो, तवा पेनानं लिव्हायचो, ताई बघून टाइप करायच्या. औंदा कॉम्प्युटरवरच पाठवा म्हनाले. मंग नावांच्या वर जागा केली."

मी त्यांना काय घडलं ते समजावून सांगितलं. समजल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. एका बाईला मी अटक करायला निघालो होतो, हे ऐकल्यावर ते उभे राहिले. संस्थेत त्यांची नोकरी जाऊ शकत होती, आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"माझ्या हातनं झालंय. जबाब लिव्हून घ्या," ते म्हणाले. "आन तिच्या दुकानावर मी जातो. तिथं लोकांसमोर सांगतो." आणि ते गेले. संस्थेनंही त्यांना काढलं नाही.

दुरुस्तीचं विवरणपत्र गेलं, प्रत्येकाचा कर ज्याच्या त्याच्या नावावर बसला. सासऱ्यानं दोन शेळ्या विकल्या, काही उसने घेतले आणि परतावा परत भरला. "दिलं बी त्येनीच, नेलं बी त्येनीच, कुट्टी तेवढी ऱ्हायली," हे त्याचं मत. व्यापाऱ्यांनी अर्ज मागं घेतला. ठाण्याच्या दृष्टीनं प्रकरण निकाली निघालं.

या प्रकरणातला एकही पुरावा खोटा नव्हता. पासबुक खरं, लॉगिन खरं, रक्कम खरी. प्रत्येक गोष्ट फक्त शेजारच्या माणसासमोर बसली होती, आणि मी ती न वाचता पुढं ढकलायला निघालो होतो. बाईनं निदान मान खाली घातली होती. मी हसलो होतो. त्यानंतर कुठलंही प्रकरण फार सहज जुळलं की मी एक दिवस थांबायचो आणि काय गळालंय ते शोधायचो.

पण एक गोष्ट निकाली निघाली नव्हती. पंधरा दिवसांनी ओतूरहून जाताना बघितलं, तर तिच्या गाळ्यापुढचा बाक रिकामा. सचिवांनी सांगितलं ते दहा जणांनी ऐकलं होतं. माझी जीप अख्ख्या बाजारानं बघितली होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी पूर्ण गणवेशात, माझे पगाराचे कागद घेऊन तिच्या दारात गेलो. म्हणालो, माझं विवरणपत्र भरायचं आहे. आत कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग बाजाराकडे बघितलं.

"बाहेर बसा, सायेब. नंबर आला की बोलावती."

मी बाहेर बाकावर बसलो. काचेतून मला दिसत होतं, ती आत मोबाईल बघत होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. नाटक मला कळतं. हे माझ्यापेक्षा सरस होतं. माझ्या ठाण्याच्या बाकावर मी कित्येकांना असंच बसवलं होतं. तिथून जग कसं दिसतं, येणारा-जाणारा आधी चपला बघतो आणि मग तोंड, हे त्या दिवशी कळलं.

एसटीतून उतरलेल्या एका पाव्हण्यानं हटकलंच, "काय राव, कुनाला धरायला बसलाय?"

"नाही हो," मी जितक्या मोठ्यानं बोलता येईल तितक्या मोठ्यानं म्हणालो. "रिटर्न भरायला. दरवर्षी आता इथंच."

तासाभरानं एक म्हातारी पिशवीत पासबुक घेऊन आली आणि माझ्या शेजारी टेकली. मी सरकून जागा दिली. ताईंनी दार उघडलं आणि आधी तिला आत घेतलं.