अक्काची मालिका आणि ह्यांचा व्हीपीएन

आमच्या घरात खरेदी होत नाही, चौकशी होते. ह्यांनी बंगळुरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सगळी नोकरी परचेसमध्ये काढली. तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय नट-बोल्टसुद्धा घेतला नाही, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय माझ्या स्वयंपाकघरात मुक्कामाला आली. नव्या मिक्सरची चौकशी चालू होती तेवढ्यात दोन दिवाळ्या गेल्या आणि मी चटण्या पाट्यावर वाटल्या. त्यामुळे लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जायचं ठरलं, आणि तिथं आपला टीव्ही दिसत नाही, त्याला व्हीपीएन नावाचं काहीतरी लागतं असं कळलं, तेव्हा पुढचं सगळं मला आधीच दिसायला लागलं.

आता ‘आपला टीव्ही’ म्हणजे कुणाचा, हाही प्रश्नच होता. हे पुण्याचे. लग्नाआधीपासून बंगळुरात आहेत, पण ह्यांचं कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, यांच्या पुढं सरकलेलं नाही. ह्यांचा टीव्ही म्हणजे संध्याकाळची मराठी चर्चा, ज्यात सहा चौकटींत सहा माणसं एकदम ओरडतात आणि हे सातवे. मी इथलीच. आमचं घराणं इथं येऊन इतकी वर्षं झाली की कुठून आलो ते सांगणारंही कुणी उरलेलं नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. माझा टीव्ही म्हणजे रोज संध्याकाळची एक कन्नड मालिका. तिच्यात एक अज्जी आहे. ती झोपतानाही रेशमी साडी नेसते, तिला तीन सुना आहेत आणि कुणाच्या तरी वाईटावर असल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. मला ती मालिका मुळीच आवडत नाही. मी ती पाहते माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी.

अक्का होसकोटेला मुलाकडे असते. आम्ही शहराच्या या टोकाला, ती त्या टोकाला, आणि मध्ये अख्ख्या बंगळुराची गर्दी. तिच्याकडे जाऊन त्याच दिवशी परतायचं तर यात्रेला निघाल्यासारखं पहाटे निघावं लागतं. म्हणून मालिका संपली की फोन, असा आमचा नेम.

अक्का स्वतःबद्दल कधी बोलत नाही. घर दोन खोल्यांचं, आणि सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून घरूनच नोकरी करते. आमच्या आईच्या वेळी हे सोपं होतं. सून मराठी बोलणारी असली की तिची गाऱ्हाणी कन्नडात करायची, कन्नड असली की मराठीत. अक्काची सून बेळगावची. तिला दोन्ही भाषा येतात आणि वर इंग्रजी. तेव्हा अक्कानं मालिकेचा आडोसा घेतला. मी नुकताच पाहिलेला भाग ती मला पुन्हा सांगते आणि सांगता सांगता म्हणते, “अज्जीला आज कॉफीत साखरच घातली नाही बघ.” त्या दिवशीच्या भागात कॉफी नसतेच. म्हणजे ती कॉफी होसकोटेची. मालिकेत जे नव्हतं ते अक्काचं, एवढी साधी किल्ली. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला सहज म्हणून फोन लावायची आणि कॉफीवरून चार शब्द सुनवायची. साखर डॉक्टरांनी बंद केली होती, ही गोष्ट वेगळी. त्या सुनेबद्दलचं माझं मत लग्नाच्या मांडवातच पक्कं झालं होतं, आणि अक्काच्या अज्जीनंही तिच्याबद्दल कधी एक बरा शब्द सांगितला नव्हता.

तर मला मालिका हवी होती ती यासाठी. ती दिसली नाही तर अक्काच्या बोलण्यातलं टीव्हीचं कुठलं आणि तिच्या जिवाचं कुठलं, हे मला परदेशात बसून कळणार नव्हतं. हे मी ह्यांना सांगितलं नाही. त्यांनी त्याचंही तुलनापत्रक केलं असतं.

ह्यांनी मला व्हीपीएन समजावून दिला. “हा एक बोगदा असतो. आपण जर्मनीत बसायचं, पण बाहेर पडायचं भारतात. मधल्या माणसाला काहीतरी चाललंय एवढं दिसतं, काय चाललंय ते कळत नाही.”

“हे आम्ही बहिणी रोज करतो,” मी म्हटलं. ह्यांचं लक्ष नव्हतं.

मग चौकशी इमारतीच्या बागेत गेली. बंगळुरात बागेत फिरणाऱ्या तीन माणसांत चार इंजिनिअर असतात. एकजण म्हणाला, फुकटातला घ्या. दुसरा म्हणाला, फुकटातला घेतलात तर तो तुम्हालाच विकून खातो. तिसऱ्याची कंपनीच असल्या गोष्टी बनवायची, म्हणून सगळे त्याच्याकडे आशेनं वळले, तर तो म्हणाला, मी कुठलाच वापरत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हे कायद्यात बसतं का, असं विचारलं. तो विषय आठवडाभर पुरला. तुमच्या घरात कोण काय पाहणार आहे, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

बागेनंतर इंटरनेट. तिथं ‘सर्वोत्तम दहा’ सांगणाऱ्या शंभर जागा होत्या आणि प्रत्येकीचा पहिला नंबर वेगळा. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, की आमच्या शिफारशीवरून घेतलंत तर आम्हाला दलाली मिळते. ह्यांना त्याचं कौतुक वाटलं. पीण्यातही दलाली होती, पण ती छापून कुणी देत नव्हतं. एवढं वाचून ह्यांनी एक कंपनी जवळजवळ नक्की केली आणि मग शोध लागला, की तिचं भारतातलं यंत्र भारतात नाहीच, सिंगापुरात आहे. फक्त पत्ता भारताचा.

“म्हणजे जर्मनीत बसून सिंगापुरातून भारतात राहायचं?” हे भडकले. त्यांनी कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. उलट टपाली आभार आले, तेही यंत्राचेच.

अशा रीतीनं काहीही न घेता आमचा निघायचा दिवस उजाडला. निघण्याआधी ह्यांनी घरातला एकेक प्लग उपटला. टीव्हीचा, पाण्याच्या फिल्टरचा, वायफायचा, आणि वायफायशेजारी जावयानं मागच्या दिवाळीत बसवलेल्या एका काळ्या डबीचाही. “उगाच वीज खाते,” हे म्हणाले. किल्ली शेजारणीकडे देऊन आम्ही देवनहळ्ळीच्या विमानतळाच्या वाटेला लागलो.

आमचा जावई जर्मनीत करतो काय, तर नेटवर्कच्या सुरक्षेचं काम. पण जावयाकडे काही मागायचं नाही, हा ह्यांच्या घरचा नियम. पाणी हवं असलं तरी हे लेकीला हाक मारतात, जावई नळापाशी उभा असला तरी. आणि जावई असा गुणी, की सासऱ्यांच्या कारभारात न विचारता तोंड घालायचं नाही. त्यामुळे एकाच सोफ्यावर एका टोकाला प्रश्न बसायचा, दुसऱ्या टोकाला उत्तर, आणि दोघं मिळून मी नेलेला चिवडा खायचे.

ह्यांनी एकामागून एक व्हीपीएन चाखून पाहिले. पहिला लावला तर चॅनेलनं स्वच्छ सांगितलं, की तुम्ही व्हीपीएन लावून आला आहात. दुसऱ्याच्या वेळी चॅनेलला ओटीपी हवा होता. तो गेला आमच्या भारतातल्या सिमकार्डावर, आणि त्याचं रोमिंग घेतलेलं नव्हतं, कारण त्याची चौकशी अपुरी होती. तिसऱ्यानं ह्यांची मराठी चर्चा दाखवली. सहाही चौकटी उघडल्या, एकानं तोंड उघडलं आणि चित्र तिथंच थिजलं. तरी हे खूष होते. तत्त्व सिद्ध झालं, म्हणाले.

इकडे अक्काचा फोन रोज चालूच होता. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची दुपार, बाळाच्या झोपेची वेळ. “तुला दिसत नाही ना तिथं, मग मीच सांगते,” म्हणून ती सगळा भाग सांगायची. आणि एके दिवशी म्हणाली, “आज अज्जी बाथरूमात पडली बघ. उजवा हात मोडला. प्लास्टर घातलंय.”

मी बाळाची दुपटी घड्या करत होते. “मग?”

“मग काय. सून हातानं भरवते की. केसही तीच विंचरते.”

“अक्का, तू बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीये? मालिकेचं सांगतेय मी. सरी, ठेवते.”

मी ते दुपटं हातात धरून बसले. पडणं अक्काचं असू शकत होतं, मालिकेचंही. लेखकाला काही सुचेनासं झालं की त्या मालिकेत कुणीतरी पडतंच. पण सून हातानं भरवते आणि केस विंचरते, म्हणजे ती नक्कीच मालिका. असली सून टीव्हीबाहेर मी पाहिलेली नव्हती. मग सगळंच मालिकेतलं म्हणायचं का? भाच्याला फोन केला तर तो, “सगळं ठीक आहे मावशी,” असं माझा प्रश्न संपायच्या आत म्हणाला. व्हिडिओवर अक्का येत नाही. तिच्या मते तिचं तोंड त्यात बशीसारखं दिसतं. इंटरनेटवर त्या मालिकेचे तुकडे मिळाले, पण प्रत्येकात कुणी ना कुणी किंचाळत होतं, कशासाठी ते कळत नव्हतं. शेजारणीला विचारावं तर ती बातम्यांशिवाय काही पाहत नाही.

मला भीती वाटली. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून माझं लग्न होईपर्यंत माझी वेणी अक्कानं घातली. तिचा हात मोडला असेल आणि मी इथं दुपटी घड्या करत असेन, तर असल्या बोगद्याला काय जाळायचंय?

हे तेव्हा चौथ्या व्हीपीएनची माहिती वाचत होते. जावई स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होता. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि नियम मोडला. “मला आपला टीव्ही लावून दे. आज.”

तो या वाक्याची वाटच पाहत असावा. “आई, बाजारातल्या व्हीपीएनचे पत्ते चॅनेलवाल्यांना पाठ असतात. आपण सरळ तुमच्या बंगळुरच्या घरातून जाऊ. मी दिवाळीत ती काळी डबी त्यासाठीच बसवली होती. फक्त ती तुम्ही आल्यापासून बंद दाखवतेय. काय झालंय कळत नाही.”

बाहेर सोफ्यावर चिवड्याचा आवाज थांबला.

शेजारणीला फोन लावला. तिनं कुलूप उघडलं आणि एकेक प्लग आपल्या जागी बसवला. “आयतु,” म्हणाली. झालं. चॅनेलला वाटलं आम्ही आपल्या घरीच बसलो आहोत, आणि एका शब्दानं न विचारता त्यानं सगळं उघडून दिलं. आधी चर्चा लावून बघू, असं हे म्हणत होते. मी ह्यांच्या हातातला रिमोट घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं, म्हणून बहुधा ह्यांनी विरोध केला नाही.

अक्कानं सांगितला त्या दिवसाचा भाग मी शोधून लावला. नातवाचं लग्न होतं. अज्जी रेशमी साडीत, दोन्ही हात वर करून नाचत होती. कोपरापर्यंत बांगड्या. दुसऱ्या दिवशीचा भाग लावला. तिनं त्याच उजव्या हातानं धाकट्या सुनेच्या पायसात कसलीशी पूड कालवली. हात धडधाकट होता. बाथरूम नव्हतंच.

“बघ, किती स्वच्छ चित्र आहे,” हे म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना चित्राचं कौतुक वाटलं.

अक्का पडली होती. मालिकेत नव्हतं, म्हणजे ते तिचं होतं. मी पदरानं डोळे पुसले, भाच्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं, आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. मी दोन्ही भाग परत पुढं-मागं करून पाहिले. सून कुणाला भरवताना दिसली नाही. केस विंचरताना दिसली नाही. तिन्ही सुना तिजोरीच्या किल्ल्या पळवण्यात गुंतल्या होत्या. म्हणजे तेही मालिकेत नव्हतं. पडणं अक्काचं धरायचं आणि भरवणं सोडून द्यायचं, असं मला करता येईना. मला ते जड गेलं.

मी होसकोटेला फोन लावला. सुनेनं उचलला. एरवी ती “देते” म्हणून मोकळी व्हायची. आज म्हणाली, “थांबा हं मावशी, धरते.” उशी सरकवल्याचा आवाज झाला.

“काय गं,” अक्का म्हणाली. “लागला का टीव्ही तुमचा?”

“आजच लागला. मागचे भागही पाहिले.”

मग अक्कानं विचारलं, “काय झालं मग त्यात?”

“अज्जी बाथरूमात पडली. उजव्या हाताला प्लास्टर आहे.”

“हं. आणि सून?”

“सून हातानं भरवते. केसही विंचरते. मी पाहिलं, अक्का.”

तिचा श्वास ऐकू येत होता. आणखीही कुणाचा तरी, फोनच्या अगदी जवळून.

“नीट दिसतंय म्हणायचं तिकडं,” अक्का म्हणाली.

“नीट दिसतंय.”

“सरी. मग ठेव आता. ही केव्हाची फोन धरून उभी आहे, हात अवघडला असेल हिचा.”