म्हशीला न पटलेला आवाज

"प्रितमभाऊ, हे परत घ्या. म्हशीला आवाज पटत नाय."

येडगावच्या आदेशनं ॲम्प्लिफायरचं खोकं माझ्या काउंटरवर ठेवलं आणि भर दुकानात हे असं बोलला. गिऱ्हाइकं हसली. मला नाही हसू आलं. नारायणगावात माझ्या वडिलांनी, मदनलालजींनी, रेडिओ विकायला सुरुवात केली तेव्हापासून लोक आमच्याकडे आवाजासाठी येतात. मी स्वतः कानानं तपासल्याशिवाय एक डबा विकत नाही. आणि आता म्हैस माझा माल नापास करणार म्हणे.

हा ॲम्प्लिफायर तर माझा लाडका. वायरींचं जंजाळ नाही, घरातल्या वायफायवर चालतो, मोबाइलमध्ये काही लावलं की दोन्ही स्पीकरमधून मोकळं होऊन येतं. माझी तपासायची पद्धत ठरलेली आहे. आधी काहीच वाजवायचं नाही, नुसता आवाज पूर्ण चढवायचा आणि स्पीकरला कान लावायचा. हलका माल तिथंच सूंऽऽ करून उघडा पडतो. मग भजनातले टाळ लावायचे. टाळ थांबल्यावर मागं जी बारीक झणझण राहते, ती विरेपर्यंत ऐकू आली पाहिजे. आणि शेवटी माणसाचं साधं बोलणं. गाण्यात यंत्राचं खोटं लपून जातं, बोलण्यात लपत नाही. बोलणारा समोर बसलाय असं वाटलं, मध्ये घेतलेला श्वास कळला, तर पास. हा तिन्हीत पास झालेला.

"कुठली म्हैस?" मी जरा तिरकसच विचारलं.

"आईची. सारजी."

मग मात्र मी खोकं जवळ ओढून घेतलं.

आदेशची आई म्हणजे प्रयागबाई मावशी. माझं लहानपण तिच्या दुधावर गेलंय. येडगावहून एसटीनं किटली घेऊन ती आमच्या घरी यायची. आम्ही जैन, माझी आई, सुमतीबाई, दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घेत नाही. हे मावशीला एकदा कळलं, आणि त्यानंतर संध्याकाळचं दूध कधी उन्हं गेल्यावर आलं नाही. एसटी चुकली तर ट्रॅक्टरवर बसून यायची, कुणी दिसलं नाही तर चालत. धापा टाकत दारात उभी राहून पहिलं वाक्य, "सुमतीताई, उजेड हाय ना अजून?" माप घातल्यावर किटली परत वाकडी करून वरचं दूध घालायची ते वेगळंच. आणि मी मध्ये लुडबुड केली की शिव्या. गोड बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही. तिचा नवरा भिमाजी तर दिवसातून चार शब्द बोलायचा, तेही पावसापाण्याबद्दल. तो गेला तेव्हा मावशी म्हणाली होती, "घरात लई फरक पडला न्हाई, तेवढीच शांतता हाय." म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून तासभर रडली.

आता त्याच चालण्यानं तिचे गुडघे गेले होते. उजवी वाटी बदलायचीच, आणखी टाळलं तर पाय कायमचा वाकडा राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन वेळा पुण्याची तारीख घेतली, दोन्ही वेळा मावशीनं मोडली. कारण सारजी. सारजीचं रेडकू जन्मल्या जन्मल्या गेलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हवत नाही, दूध वर चढवून घेते. पण ही पठ्ठी मावशीच्या आवाजावर पान्हवायला लागली. मावशी बोलत बसली की कास भरून येणार, दुसरं कुणी बसलं की लाथ. आदेशच्या बायकोनं, वृषालीनं, दोनदा बादली सांडून घेतली.

"म्हणून तुमचा डबा नेला," आदेश म्हणाला. "आईचा आवाज रेकॉर्ड केला, गोठ्यात लावला. म्हैस ढिम्म. आई म्हणती, त्या डब्यावर पान्हवली तर जाते, न्हाईतर न्हाई. उद्या सकाळी निघायचंय, भाऊ. ही तारीख गेली तर ती परत तयार व्हायची नाय."

मी खोकं उचललं, शटर अर्धं ओढलं आणि त्याच्याच पिकअपमध्ये बसलो.

मावशी ओट्यावर पाय लांब करून बसली होती. मला बघून म्हणाली, "आलास व्हय पितम? बघ बाबा तुझा डबा. सारजीला न्हाई आवडला."

गोठा घराच्या मागं, वर पत्रा. मी आधी पत्र्यालाच दोष दिला, कारण पत्र्याखाली आवाज घुमतो. बारदानं टांगली, स्पीकर म्हशीच्या तोंडासमोरून काढून मागं, मावशी बसते त्या बाजूला ठेवले. आवाज चढवून कान लावला, स्वच्छ. टाळ लावले, स्वच्छ. सारजी रवंथ करत माझ्याकडे बघत होती. मग रेकॉर्डिंग लावलं.

"ये गं माझे बाळ. दूध दे हं. शहाणी आहेस ना तू."

मी वृषालीकडे बघितलं, वृषालीनं माझ्याकडे. आवाज मावशीचाच, पण बोलणं रेडिओवरच्या बाईचं. "आहेस ना तू"? मावशीनं जन्मात कुणाला "आहेस" म्हटलं नव्हतं. म्हशीनं ओळखायचं कसं?

बाहेर जाऊन म्हटलं, "मावशी, डबा चांगलाय. खोट तुमच्या बोलण्यात हाय. रोज जे बोलता ते बोला की."

"रोजचं काय बोलायचं मोबाइलात? चार लोकं ऐकतील."

"ऐकूदे. दोन शिव्यांनी काय व्हतंय?"

"शिव्यांचं न्हाई," मावशी म्हणाली. मग जमिनीकडे बघत विचारलं, "लई सपष्ट येतं का रे त्यातनं?"

दुकानदाराची जीभ ती. मी म्हटलं, "कुजबुजलात ना मावशी, तरी अंगणाच्या त्या टोकाला शब्दन् शब्द कळंल. असा माल जिल्ह्यात नाय."

तिचा चेहरा पडला. मला तेव्हा काही उमगलं नाही. वाटलं, म्हातारं माणूस, यंत्राला बुजतंय.

संध्याकाळी धारेची वेळ झाली तसं ती भिंत धरत उठली. वृषालीचा मोबाइल घेतला, रेकॉर्डिंग कसं चालू करायचं ते तिच्याकडून समजून घेतलं आणि आम्हा सगळ्यांना पुढच्या अंगणात घालवलं. बऱ्याच वेळानं बादली भरून आली. मोबाइल वृषालीच्या हातात देताना म्हणाली, "सकाळी तू एकटीनं लावायचं. बाकी कुणी गोठ्याकडं फिरकायचं न्हाई. आणि ऐकशील ते तितंच ठेव."

वृषाली "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा आंबटच होता. त्याचं कारण मला आदेशनं वाटेत सांगितलं होतं. ऑपरेशननंतर घरी आल्यावर आपलं करायला मावशीनं बाहेरची बाई ठरवायला लावली होती. घरात सून असताना. वृषालीला ते लागलं होतं, आणि बोलायची सोय नव्हती.

सकाळी मी परत आलो. खरं तर गरज नव्हती, पण माझा डबा पास होतो का नापास, हे कळल्याशिवाय मला चहा गोड लागला नसता. पिकअप रस्त्याला लावलेली, मावशी नऊवारी नेसून पुढच्या सीटवर, पिशवी मांडीवर. आदेश इंजिन चालू करून उभा. वृषाली बादली घेऊन मागं गेली. मावशीचा हुकूम होता पुढं थांबायचा. मला राहवेना. पाण्याच्या टाकीचं निमित्त काढून मी घराला वळसा घातला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकलो.

"सरक गं भवाने. सरक म्हनते ना. शेपटी आवर, मुडदा बशिवला तुझा."

राव, मी मान वळवून बघितलं, मावशी उतरून मागं आली की काय. इतका जिवंत आवाज. श्वास कळत होता, बांगडी बादलीला घासलेली कळत होती. आणि मग दुधाची पहिली धार रिकाम्या बादलीत वाजली. खरी धार. सारजी पान्हवली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आवाज पुढं बोलतच होता.

"उद्या जायचंय मला. कापायचं भ्या न्हाई गं. कापतील, शिवतील. मागनं अंथरुणात पडायचं, त्याचं भ्या वाटतं. त्या पोरीनं माझं हागणं-मुतणं का काढावं? आल्यापासनं काय दिलं मी तिला? नुसते बोल. भाकरी केली तरी बोल, न्हाई केली तरी बोल. लई गुणाची हाय गं, एकदा उलटून बोलली न्हाई. गोड बोलायला जाते तर माझी जीभच वळत न्हाई. तुझ्याशी कशी बोलते बघ. तिच्यापुढं उताणं पडायला लाज वाटती, म्हनून बाई बघायला सांगितली. परक्या बाईपुढं मान खाली घालावी लागत न्हाई."

धारा थांबल्या होत्या.

मी तिथून हलायला हवं होतं. हललो नाही. आतून स्पीकरमधली मावशी परत म्हशीला शेपटी आवरायला सांगत होती, आणि मग वृषालीचा आवाज आला, अगदी हळू.

"सारजे, सांग तुज्या मालकिणीला. मला वाटलं, तिला माजा हात नको. म्हनून बाई लावली. पंधरवडा झाला, मला जेवण गेलं न्हाई."

मग धारा परत सुरू झाल्या. आता बादलीत फेस झाला असणार, आवाज जाड येत होता. मी गुपचूप पुढं येऊन पिकअपला टेकून उभा राहिलो.

वृषाली आली. बादली काठोकाठ. डोळे पुसलेले, पण नाक लाल. बादली ओट्यावर ठेवून ती गाडीपाशी आली आणि मावशीकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "अहो, ती बाई सांगितली ना तुमी, तिला नको म्हनून कळवा. मी हाय घरात."

आदेशला काही कळलं नाही. तो मान हलवून मोकळा झाला. मावशी सुनेकडे बघत राहिली. मांडीवरची पिशवी तिनं उगीच उघडली, बंद केली. मग हात खिडकीबाहेर काढून वृषालीच्या खांद्यावरचं गवताचं पातं काढलं आणि म्हणाली, "जेव आता येळंवर. हाडं दिसाया लागलीत." बोल लावावा तशीच म्हणाली. वृषालीनं तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

मग मावशीचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या पाठीला गोठ्याच्या भिंतीचा चुना लागलेला, हे मला घरी गेल्यावर कळलं.

"पितम," ती म्हणाली, "कुठवर ऐकू येतं रे त्यातलं?"

आयुष्यभर मी मालाची तारीफ केली. गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत करतो. मी म्हटलं, "कसलं काय मावशी. दाराबाहेर तर एक शब्द कळत नाय. हलका माल निघाला."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. अगदी निरखून, दुधावरची साय बघतात तसं.

"मंग काल कशाला मोठेपणा सांगत व्हतास, मेल्या," ती म्हणाली. "आदेश, चल. आणि वृषाली, ह्याला दूध दे लोटाभर. सुमतीताईला सांग म्हनावं, उजेड हाय अजून."