त्यांचं ‘हो’ मी सांगितलं

आमच्या यांच्या अंगावरून वारं गेलं त्याला चार वर्षं झाली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेली. जन्मभर त्यांनी आंब्याची कलमं बांधली. तो हात आता मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. पण मान हलवताना हो आणि नाहीची गल्लत व्हायची, त्यामुळे मान बघून काही कळत नसे.

मुलगा जयगडला बंदरावर कामाला आहे. गेल्या वर्षी तो एक बातमी घेऊन आला. रत्नागिरीच्या एका इस्पितळात पुण्याहून माणसं आली होती.

“आये, मेंदूला कॉम्प्युटर जोडणार आहेत. बाबा बोलतील.”

“बोलता येत होतं तेव्हा तरी कुठे बोलले?” मी म्हटलं. पण गेलो.

तिथल्या मुख्य बाईंनी मला समजेल असं सांगितलं. कॉम्प्युटरात खोट्या मज्जापेशींचं जाळं असतं, ते शिकवलं की शिकतं. आधी डोक्यावर तारांची टोपी घालून त्याला यांच्या मेंदूतलं हो कसं आणि नको कसं ते शिकवायचं. ते जमलं तर कवटी उघडून आत एक पातळ पट्टी बसवायची. मग खोट्या पेशी आणि जिवंत पेशी एकमेकींशी बोलतील आणि मेंदूच्या मेलेल्या भागावरून पूल होईल. कदाचित हात हलेल, कदाचित शब्द फुटेल. खात्री नाही, हेही बाईंनी सांगितलं. आणि ऑपरेशनला यांचं स्वतःचं हो लागेल, माझी सही पुरणार नाही.

टोपी चढली. यंत्रावर बसलेला माणूस एकेक प्रश्न विचारी, आणि बरोबर उत्तर कोणतं ते यंत्राला सांगायला माझ्याकडे बघे. आमच्याकडे डॉक्टरपुढे पुरुष खुर्चीत बसतो आणि त्याचं दुखणं बायको सांगते. कुठे ठणकतं, पोट साफ होतं का, सगळं तीच. तो नुसता भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. मीही तशीच यांच्या वतीने उत्तरं देत गेले.

“चहा हवा?”

“हो.”

“पंखा लावू?”

“नको. वारा सोसत नाही त्यांना.”

आठ दिवस मी अशी उत्तरं दिली. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग ऑपरेशनचं विचारलं आणि पडद्यावर हो उमटलं. मुलगा पेढे आणायला धावला. बाई मात्र कागद चाळत बसल्या.

“बरोबर उत्तरं कुणी सांगितली?”

“आजींनी,” तो माणूस म्हणाला.

बाईंनी मला बाहेर नेलं. “आजी, हे जाळं तुमचं हो शिकलंय. त्यांचं नाही.”

“पन्नास वर्षं संसार केलाय. त्यांचं आणि माझं वेगळं काय असणार?”

“तेच बघू या,” त्या म्हणाल्या, आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता प्रश्न असे, की उत्तर सगळ्या जगाला ठाऊक. हा नारळ आहे का? आपण दापोलीत आहोत का? असे पंधरा दिवस गेल्यावर त्यांच्या मनातलं विचारलं. चहा? नको. पंखा? हो. मी दारातून ओरडले, “यंत्र बिघडलंय तुमचं!” यंत्र बिघडलं नव्हतं. तीन वैशाख मी त्यांना पंख्याविना उकडत ठेवलं होतं.

ऑपरेशनचं पुन्हा विचारणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांची समजूत घातली. “घाबरताय काय? कलमासारखंच आहे. खाच मारायची, काडी बसवायची, बांधायची. तुम्हाला कुणी शिकवायला हवं?” ते माझ्याकडे बघत राहिले. काडी बसवण्याआधी खालच्या रोपाचं, खुंटाचं, डोकं छाटतात, ते मी विसरले. त्यांनी हजारो छाटली होती. त्यातली किती कलमं लागली नाहीत, हेही त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, नको. तीन दिवस विचारलं, प्रश्न उलटा करून विचारलं. नकोच.

मुलगा माझ्यावर उखडला. “तूच काहीतरी भरवलंस त्यांच्या मनात!”

“कलमासारखं आहे म्हटलं.”

त्याने कपाळावर हात मारला. “आये, पहिलं हो होतं ना? तेच धरा की!”

“ते माझं होतं.”

“मग काय झालं? आजवर कुणाचं चालत आलंय?”

बाईंनी फाइल मिटली. जबरदस्ती करता येत नाही म्हणाल्या. चांगल्या होत्या, पण मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. त्यांचाही आला आणि खुर्चीतल्या माणसाचाही. तीन वर्षं मी याला धुतलं, पुसलं, कुशीवर वळवलं, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो नको.

यंत्र आवरायच्या आधी मी म्हटलं, “मला एक विचारायचंय.” बाईंनी टोपी राहू दिली. मी यांच्यासमोर उभी राहिले.

“माझ्यावर राग आहे तुमचा?”

पडद्यावर आलं, हो.

बाई घाईघाईने म्हणाल्या, “आजी, एका उत्तरावर जाऊ नका. चुकतं कधी कधी.”

“ऑपरेशनला बरोबर होतं, आणि मला तेवढं चुकतं होय?”

टोपी मीच काढली. केसांत चिकट मलम राहिलं होतं, ते ओल्या फडक्याने पुसलं. घरी आल्यावर पंखा लावला आणि पेज भरवायला बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तोंड मात्र उघडलं.