भातावरची वाफ

रायपूर स्टेशनवर मी मुंबईच्या गाडीत चढले, तेव्हा आई माझ्याशी कमी आणि नीलेशशीच जास्त बोलली. "पोट्टीले तुह्या भरोशावर पाठवून राहिली, बाबू."

नीलेश रायपूरजवळच्या आमच्याच बीरगावच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, आमच्या घरी जेवून वाढलेला. मुंबईत जाहिरातींचे इफेक्ट्स करणाऱ्या स्टुडिओत तो आधीच लागला होता. मलाही त्यानेच लावून दिलं. "हव काकी, टेन्शन मत लो," तो म्हणाला.

तिथे मी कॉम्प्युटरवर धूर, धुकं, वाफ करायला शिकले. इकडे रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि एका तांदळाच्या कंपनीला जाहिरातीसाठी तिथलीच आई हवी होती. नीलेशने माझ्या आईचं नाव सुचवलं. शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात झालं. बाबांनी कारखान्यातून सुट्टी काढली. आईने भात वाढला, मान वर करून हसली. शॉट ओके.

त्या भातावरची वाफ मी केली. इतक्या मायेने मी कुठलंच काम केलं नव्हतं. नीलेश सारखा मागे येऊन सांगायचा, "थोडी घनी कर. गर्दन के सामने से जाने दे." मला वाटलं, दिग्दर्शकाला तसंच हवं असेल.

जाहिरात लागणार त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरी आले. आईने अख्खा पारा जमवला होता. टीव्हीवर आमचा ओटा दिसला, आमचं पातेलं, आईची साडी, तिच्या बांगड्या. वाफ वर चढली, विरली, आणि त्या साडीत एक गोरीपान मॉडेल हसली.

"हे कोन व?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

आई म्हणाली, "हात माह्येच हायेत." आणि चहा ठेवायला उठली.

मी बाहेर जाऊन नीलेशला फोन लावला.

"क्लायंट को काकी का चेहरा जरा काला लगा," तो म्हणाला. "मैंने ही बदला. बताता तो तू करने देती क्या?"

आईच्या मानेवर मॉडेलचा चेहरा बसवला, तिथे जोड दिसत होता. तो झाकायला त्याने माझीच वाफ वापरली होती.

मी तो स्टुडिओ सोडला. आता हैदराबादला असते, कामही तेच करते. माझ्यासारखे जे गाव सोडून बाहेर पडले, ते विचारतात, घराची आठवण येते का? येते. पण सुट्टीत घरी जाऊन कॅमेरा काढला, की आई तोंडावर पदर ओढते. "मले नोको. हाताचा घे."

मग मी कॅमेरा ठेवून देते आणि ती पदर खाली घेईपर्यंत तिच्यासमोर बसून राहते. घर म्हणतात ते माझ्यासाठी आता तेवढंच.