ताईंचा पुढचा दात

वाद्यवृंदात सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. सकाळी शाळेत मुलांना संगीत शिकवायचं आणि संध्याकाळी क्लॅरिनेट घेऊन तालमीला जायचं, यात त्यांचे केस पांढरे झाले. क्लॅरिनेटच्या पहिल्या खुर्चीवर एक काका बसत आणि ताई शेजारच्या दुसऱ्या खुर्चीवर. धून काकांची, साथ ताईंची. त्याबद्दल ताईंनी कधी चकार शब्द काढला नाही. मग काका निवृत्त झाले, ताई एक खुर्ची पुढे सरकल्या, आणि नेमका त्याच वर्षी परदेशचा दौरा ठरला.

कार्यक्रमाच्या मधोमध एक संथ भाग होता. तिथे बाकीची वाद्यं जवळजवळ गप्प होत आणि क्लॅरिनेट एकटंच बोलत राही. तो भाग आता ताईंचा. त्यांचे यजमान शिंपी होते. मंचावर घालायचा काळा पोशाख त्यांनी स्वतः शिवला आणि बाह्या मुद्दाम सैल ठेवल्या. "तिकडे लोक काय मापं काढायची ती काढोत," ते म्हणाले, "तुझा हात मोकळा राहिला पाहिजे."

पहिल्या शहरात कार्यक्रम संपल्यावर अख्खं सभागृह उभं राहिलं. लोक घरी निघाले असं ताईंना वाटलं. ते टाळ्या वाजवायला उभे राहिलेत हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की वाद्यवृंदाच्या संचालकांनाही हसू आवरेना. इतकी वर्षं ताईंच्या पलीकडे तिसऱ्या खुर्चीवर वाजवणारा आणि आता दुसरीवर आलेला तरुण, ज्याला सगळे भाऊ म्हणत, तो मात्र समोर बघत राहिला. काकांची जागा आपल्याला मिळणार असं तो धरून चालला होता. ती हुकल्यापासून तो ताईंशी कामापुरतंच बोलायचा.

तिसऱ्या शहरात हॉटेलात न्याहारी करताना ताईंनी पावाची कडक कड दातांनी तोडली आणि तोंडात कडकन आवाज झाला. हातावर काढून बघतात तो वरच्या पुढच्या दाताचा तुकडा! त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. क्लॅरिनेटचं टोक ज्या दातांवर टेकवून वाजवायचं त्यातलाच हा एक, आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी.

त्यांनी घरी फोन लावला. "अहो, माझा दात पडला."

"आता या वयात? दुधाचा राहिला होता की काय?" यजमान म्हणाले. पण पलीकडून हसू आलं नाही तसे ते गंभीर झाले. "अगं, आधी डॉक्टर गाठ. रडायचं काय, ते नंतरही रडता येईल."

समोर बसलेला भाऊ तोवर उठून हॉटेलवाल्याकडून पत्ता घेऊन आला होता. "चला ताई, वाद्य बरोबर घ्या," एवढंच म्हणाला.

दातांच्या डॉक्टर म्हणजे एक म्हातारी, गोलमटोल बाई. त्यांची भाषा यांना येईना, यांची त्यांना. भाऊने हातवारे करून पाहिले, तर बाईंना वाटलं दुखणं त्याचंच आहे. त्यांनी त्यालाच खुर्चीवर बसवलं. शेवटी ताईंनी वाद्य जोडलं आणि फुंकलं. असा काही चिरका आवाज निघाला की बाहेर ताटकळलेले रुग्ण दारात येऊन डोकावले. बाईंनी एक बोट दातावर ठेवलं, दुसरं वाद्याच्या टोकावर, आणि त्यांना उमगलं. तासाभरात दात दिसायला तरी पूर्ववत झाला. पण त्यावर भार द्यायचा नाही, हे त्यांनी बोट नाचवून नाचवून बजावलं. ताईंनी आभार म्हणून संध्याकाळचं तिकीट त्यांच्या हातावर ठेवलं.

"मग आज काय करायचं?" परतताना भाऊने विचारलं.

"वरचा ओठ दातांवर दुमडून घेते. भार ओठावर येईल."

"ओठ सोलून निघेल, ताई."

"संध्याकाळपुरता टिकला म्हणजे झालं."

दुपारभर खोलीत बसून त्यांनी तसं वाजवून पाहिलं. आवाज बारीक येत होता, पण मऊ. संध्याकाळी संथ भाग आला तेव्हा संचालकांनी हात खाली घेऊन इतरांना आणखी हळू केलं. ताई वाजवत गेल्या. वरच्या एका सुराशी मात्र ओठ थरथरला आणि नुसतीच हवा निघाली. संचालक क्षणभर थांबले, ताईंनी श्वास घेतला आणि पुढचा सूर धरला. शेवट झाला तेव्हा जिभेवर रक्ताची खारट चव होती.

टाळ्या झाल्या. मंचामागे डॉक्टरीणबाई हजर! त्यांनी पर्समधून छोटी विजेरी काढली आणि सगळ्यांदेखत ताईंना तोंड उघडायला लावलं. वाजवणं कसं झालं याबद्दल त्यांनी काही खूण केली नाही. दात जागेवर आहे हे पाहून मात्र त्यांनी ताईंना घट्ट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजला. बसमध्ये ताई भाऊशेजारी जाऊन बसल्या. "इथून पुढे तू वाजव."

भाऊ खिडकीकडून ताईंकडे वळला. मग म्हणाला, "मला हवं होतं ते, ताई. खोटं बोलत नाही. पण असं नको होतं."

"कसं का असेना, वाजवायचं नीट. श्वास कुठे घ्यायचा ते सांगते, बघ."

पुढच्या शहरात ताई पुन्हा दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. भाऊने वाजवलं सुरेख. तो वरचा सूर तर असा स्वच्छ लागला की ताईंच्या अंगावर काटा आला. आत कुठेतरी टोचलंही.

घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"वाटलं की. रात्री उशी ओली केली." ताई बॅगेतून काळा पोशाख काढत होत्या. "पण पोरगं खरंच छान वाजवतं हो. इतकी वर्षं शेजारी बसून मी नीट ऐकलंच नव्हतं."

पुढे त्यांनी नवा दात बसवून घेतला. तो बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरा निघाला. संचालकांनी पहिली खुर्ची त्यांना परत दिली, तेव्हा ताईंनी एकच अट घातली: एका कार्यक्रमाला आपण, एका कार्यक्रमाला भाऊ. भाऊ ऐकेना. "ताई, तुम्ही बसा हो," म्हणत राहिला. शेवटी ताईंनीच त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं.