सोनेरी टॉवेलाची दुहेरी टीप

माझ्या धाकट्या भावाला रिंगमध्ये 'नवरदेव' म्हणत. नाव लोकांनी ठेवलं, पण त्यात माझाही हात होता, कारण त्याचे झगे मी शिवायचे. जांभळी मखमल, वर टिकल्या, आत लाल अस्तर, मानेला उभी कॉलर. बाकीचे बॉक्सर घाईघाईनं रिंगकडे जायचे. आमचे साहेब वरातीच्या चालीनं, थांबत, मान तुकवत, बायकांच्या रांगेला हात हलवत यायचे. समोरचा बिचारा वाट पाहून पाहूनच गार व्हायचा. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि मी सोळाची. नटवा त्याला मीच करून ठेवलं. हे मी कुणापाशी कबूल करत नाही, पण खरं तेच आहे.

सरावात डोक्याला हेडगार्ड घाल म्हटलं की तो उसळायचा. "टोपडं घालून बाळं झोपतात. मी झोपायला येत नाही, झोपवायला येतो." त्याचे उस्ताद, म्हणजे त्याला शिकवणारे, मितभाषी गृहस्थ होते. ते म्हणायचे, "डोकं एकच आहे तुझं." हा म्हणायचा, "एकच आहे म्हणून तर उघडं ठेवतो. लोकांना बघू दे."

एकदा उस्तादांनी टॉवेल टाकला. कोपऱ्यातून टॉवेल रिंगमध्ये पडला की लढत तिथंच थांबते, आमचा माणूस हरला असं धरतात. त्या दिवशी माझा भाऊ मार खात होता. त्याच्या मते मात्र तो जिंकतच होता. महिनाभर तो उस्तादांशी बोलला नाही. मग एक दिवस सोनेरी साटीनचा तुकडा घेऊन माझ्या दुकानात आला.

"ताई, उस्तादांना जाकीट शिव. आणि ह्याच रंगाचा टॉवेल खांद्यावर पक्का बसव."

"पक्का म्हणजे?"

"शोभेचा गं. पडता कामा नये."

मला कळलं नाही असं नाही. चांगलं कळलं. कात्री हातात धरून मी थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, आणि तो आरशात स्वतःकडे. पण मलाही तो हरलेला आवडत नव्हता. मी दुहेरी टीप मारली, वर कोपरे हातानं पक्के केले. उस्ताद भोळे, त्यांना वाटलं मानाचं जाकीट आहे. समोर सहा घट्ट बटणं होती, तीही मीच लावलेली.

पुढच्याच लढतीत नवव्या फेरीला माझ्या भावाचे हात खाली आले. मी तिसऱ्या रांगेत होते. उस्तादांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला. पुन्हा ओढला. माझी टीप उसवत नाही, सगळी गिऱ्हाइकं सांगतील. ते ओरडत होते, पण हॉलमध्ये एवढा गलका की पंचाला ऐकू जाईना. मग त्यांनी बटणं तोडून अख्खं जाकीटच काढलं आणि भिरकावलं. तेवढ्या वेळात एकोणीस ठोसे बसले. टाके मोजायची सवय आहे मला, ती कधी सुटत नाही. एकोणीस.

तो त्यानंतर लढला नाही. टॉवेलाबद्दल ना तो बोलला, ना मी. उस्तादही बोलले नाहीत, आणि पुढे काही वर्षांनी वारलेच.

निवृत्तीनंतर भावानं रंगीत कोट धरले. दर महिन्याला नवा कोट आणि दर आठवड्याला नवं मत. क्रीडा वार्ताहर त्याच्याकडे चहाला यायचे, कारण तो कधी निराश करत नसे. केशरी कोटात म्हणाला, डोक्यावर मारणं कायद्यानंच बंद करा. हिरव्या कोटात म्हणाला, हेडगार्ड भित्र्यांसाठी असतं. निळ्या कोटात म्हणाला, प्रत्येकाला सक्तीचं करा, फेऱ्या कमी करा, डॉक्टरला पंचापेक्षा वरचा अधिकार द्या. आठवडाभरानं त्याच निळ्या कोटात म्हणाला, हेडगार्डमुळे बाजूचा ठोसा दिसत नाही, उलट मार जास्त बसतो. पेपरात व्यंगचित्र आलं, कोट बदलणारा सरडा. गावभर हसू झालं. मीही हसले.

मग मात्र माझं डोकं फिरलं. उगवत्या बॉक्सर मुलामुलींचा प्रश्न होता, आणि हा त्याची मस्करी करत होता. मी सगळी कात्रणं गोळा केली आणि एका रविवारी दुपारी त्याच्या घरी जाऊन टेबलावर आपटली. "वाच. आणि एकदाच काय ते ठरव."

त्यानं चष्मा लावून सगळी वाचली, शांतपणे, बोट ठेवून. मग निळ्या कोटाचं कात्रण उचललं.

"हा माणूस बरोबर बोलतोय, ताई. कोण आहे?"

मला वाटलं, नेहमीची नाटकं. पण त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "कोट फार सुरेख आहे. तू शिवलास ना? कॉलरवरून कळतंय."

स्वयंपाकघराच्या दारात भावजय उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. "ताई, वर्ष झालं," ती हळूच म्हणाली. "मत बदलत नाहीत हो ते. आधीचं आठवतच नाही." सारा गाव हसत होता त्या वेळी ही बाई एकटी हे सांभाळत होती. माझ्या हसण्याची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हे एका लढतीचं काम नाही, वर्षानुवर्षांचं आहे. त्यांनी ते माझ्या समाधानासाठी सांगितलं असेल. मी मान हलवली आणि मनात एकोणीस मोजले.

आता मी दर रविवारी जाते. नवी गोष्ट त्याच्याकडे राहत नाही. जुन्या राहतात, पण त्यांनाही भोकं पडलीत. एकदा त्यानं विचारलं, "ताई, त्या दिवशी उस्तादांनी टॉवेल का नाही गं टाकला?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली होती तेच समोर आलं. मी म्हणाले, "मी शिवून टाकला होता. तूच सांगितलं होतंस."

तो लहान मुलासारखा रडला. "म्हणजे मीच केलं माझं?" संध्याकाळपर्यंत तो सगळं विसरला. मी नाही विसरले.

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा तेच विचारलं. तेव्हापासून 'तू सांगितलंस' एवढं मी गाळते. म्हणते, मी शिवला, माझं चुकलं. कधी तो खो खो हसतो आणि म्हणतो, टीप पक्की होती ना? कधी तोंड फिरवून बसतो, चहाला हात लावत नाही. कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवतो. माझ्याबद्दलही त्याचं मत दर आठवड्याला बदलतं, आणि मी दर रविवारी नव्यानं गुन्हेगार होऊन त्या दारात उभी राहते. मला तो नटवा हवा आहे, आरशापुढून न हलणारा, मला भंडावून सोडणारा. सगळं आठवून माझ्यावर ओरडणारा असला तरी चालेल.

गेल्या रविवारी मी पोचले तर भावजय रडकुंडीला आली होती. तो कपाटाच्या आरशासमोर उभा राहून लढत होता. बनियन घामानं चिंब झालेलं, ओठ निळसर, आणि हात थांबत नव्हते. ती हाका मारत होती, मी दंड धरला, त्यानं मला झटकलं. तो आमच्याकडे बघतच नव्हता. त्याला आरशातला तो दुसरा दिसत होता, आणि तो दुसरा काही थकत नव्हता.

मी दोरीवरचा टॉवेल ओढला. साधा पांढरा, अंग पुसायचा, चटकन हातात आला. तो त्याच्या पायांपाशी टाकला.

त्यानं टॉवेलकडे पाहिलं. हात खाली आले. खुर्चीत येऊन बसला, धापा टाकत, आणि दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली.

"किती उशीर केलास, ताई," तो म्हणाला.

"हो रे," मी म्हणाले, आणि त्याच्या मोकळ्या हातांवरच्या, तिथं नसलेल्या ग्लोव्हजच्या नाड्या सोडायला बसले.