पेढ्याचं सोवळं

पूनम सागर सोसायटीतल्या अंबिकाबाईंच्या घरी पाहुण्याला आधी हातपाय धुवावे लागतात, मग चहा मिळतो. गिरगावच्या दीड खोलीत सासूबाईंनी शिकवलेलं सोवळं त्यांनी मीरा रोडच्या फ्लॅटमध्येही जसंच्या तसं आणलं. नैवेद्याच्या साडीची दोरी वेगळी, ती न शिवता वाळत घालायची काठी वेगळी. मुलगी रुचिता याला आईचं कस्टम्स खातं म्हणायची.

या कस्टम्समधून बिनतपासणी सुटलेला एकच जीव म्हणजे पेढ्या. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गुरुवारी दत्ताच्या देवळाबाहेर कुत्र्याच्या या तपकिरी पिल्लानं त्यांच्या हातातला प्रसादाचा पेढा पळवला आणि वर मागोमाग घरीही आलं. दत्तापाशी कुत्री असतातच, त्यानंच पाठवलं असणार, असं म्हणून बाईंनी त्याला ठेवून घेतलं.

यंदा पेढ्याच्या जबड्याखाली दोन्हीकडे गोलाई दिसायला लागली, तेव्हा बाईंना कौतुकच वाटलं. म्हातारपणी बाळसं धरलंय म्हणून त्यांनी नवऱ्याला दाखवलं. बबनरावांनी चाचपून पाहिलं. बाळसं लिंबाएवढं होतं आणि टणक होतं.

प्राण्यांच्या डॉक्टर निशिगंधा यांनी तशाच गाठी खांद्यांपुढे आणि मागच्या गुडघ्यांमागे दाखवल्या. एका गाठीतून सुईनं नमुना घेतला आणि रिपोर्ट आल्यावर आजाराचं नाव सांगितलं, लिम्फोमा. रोगाशी लढणाऱ्या पेशीच बेताल वाढतात आणि गाठींत साठतात. हा कॅन्सरच, पण कुणाला लागत नाही, आणि गोडानं तर मुळीच होत नाही. बाई मनातल्या मनात वर्षभराचे पेढे मोजत होत्या, त्या थांबल्या.

"बरा होईल ना?"

"पूर्ण बरा बहुधा नाही, काकू. पण किमोनं गाठी विरतात. मग काही महिने, कधी वर्षभरही मजेत राहतो. कुत्र्यांना डोस बेतानं देतो, त्रास सहसा कमी होतो. आपण त्याला चांगले दिवस मिळवून देतोय, एवढंच."

बाईंना ते मुळीच थोडं वाटलं नाही. देवापुढे बसून त्या तरी रोज याहून वेगळं काय मागत होत्या?

अडचण निराळीच निघाली. किमोच्या इंजेक्शननंतर काही दिवस औषध कुत्र्याच्या लघवीतून, लाळेतून बाहेर पडतं. हातमोजे घालून साफ करायचं, अंथरूण वेगळं धुवायचं आणि गरोदर बाईनं त्यापासून लांब राहायचं. नेमकी रुचिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या सासूबाई, भाईंदरच्या जुन्या मिठागरवाल्या घरातल्या द्वारकाबाई, यांनी फोनवरच निकाल दिला. "कुत्र्याचं औषध नायतर पोरीचं माहेर. दोन्ही जमायचं न्हाय."

अंबिकाबाई देवघरात बसून पोटभर रडल्या. मग डोळे पुसताना डॉक्टरांचे नियम एकेक आठवू लागल्या आणि त्यांना हसूच आलं. वेगळी बादली, वेगळी दोरी, शिवायचं नाही, शिवलं तर हात धुवायचे. लग्न झाल्यापासून दुसरं केलं काय होतं!

मागची बाल्कनी पेढ्याची झाली. बबनरावांना हातमोजे मिळाले आणि तक्रार करायची बंदी. डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, एवढं पाळलंत तर रुचिताला खुशाल आणा, फक्त त्या दिवसांत तिला बाल्कनीत सोडू नका.

दोन-तीन इंजेक्शनांत गाठी विरल्या. सोबतच्या गोळ्यांनी पेढ्याला अशी भूक लागायची की तो आरतीची घंटाही जेवणाचीच समजायचा.

द्वारकाबाई न सांगता तपासणीला आल्या, त्याही इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी. खोट शोधत बाल्कनीपर्यंत पोचल्या. त्यांच्या पिशवीतल्या लाडवांचा वास पेढ्याला लागलेलाच होता. त्यानं त्यांच्या हातावर हनुवटी टेकली, हात चाटला आणि अशा नजरेनं पाहिलं की द्वारकाबाई त्याचा गळा खाजवत खालीच बसल्या.

"विहीणबाई, तिथेच थांबा," दारातून अंबिकाबाईंचा आवाज आला. "कशाला हात लावू नका. आधी साबणानं हात धुवा, मग साडी बदला."

साडी धुऊन वेगळ्या दोरीवर गेली. द्वारकाबाई अंबिकाबाईंच्या गाऊनमध्ये चहा घेत बराच वेळ त्या दोरीकडे बघत राहिल्या.

"रविवारी पोरीला धाडते," त्या म्हणाल्या. "एवढं कडक तर आमच्याकडं पन न्हाय."

अंबिकाबाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"आन हा पोऱ्या," द्वारकाबाईंनी बाल्कनीकडे मान वळवली, "शिवायला कधी चालंल? तेवढं कळवा. लाडू घेऊन येते."